वेदनाशामक गोळी आणि स्त्रीचा महिना

ज्या गोळीने गेल्या महिन्यात तासाभरात ओटीपोटातील कळ थांबली, तीच गोळी तेवढ्याच मात्रेत घेऊनही या महिन्यात दोन-तीन तास उलटले तरी उतार पडत नाही, ही तक्रार आपल्या घरांतील बहुतेक स्त्रियांना परिचयाची आहे. आणि तिच्यावर घरातून मिळणारे ‘मग आणखी एक घे’ हे उत्तरही तितकेच परिचयाचे आहे. धोका आहे तो या उत्तरात. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांच्या मासिक चढउताराचा वेदनाशामक औषधांशी संबंध आहे काय, असल्यास तो नेमका कोठे आहे, आणि तो समजल्यावर आपण औषध घेण्याच्या रीतीत कोणता फरक करावा, याचा खुलासा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आरंभीच सांगून टाकलेले बरे की, ऋतुचक्राबरोबर मुख्यतः बदलते ती वेदना. औषधाची शरीरातील विल्हेवाट नैसर्गिक चक्रात तितकीशी बदलत नाही. ती ठळकपणे बदलते ती बाहेरून घेतलेल्या संप्रेरकांनी आणि गर्भारपणाने. यास्तव गोळीचा गुण येत नसेल, तर मात्रा वाढविण्यापूर्वी वेळ तपासावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे एक ऋतुचक्र. ते २८ दिवसांचे मानण्याचा प्रघात असला, तरी २४ पासून ३८ दिवसांपर्यंतची चक्रे निरोगी स्त्रियांत आढळतात. चक्राच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन हळूहळू चढत जाऊन अंडे सुटण्याच्या सुमारास कळसाला पोहोचते. उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो आणि इस्ट्रोजेनही पुन्हा काहीसे वर येते. आणि गर्भ न राहिल्यास पाळीच्या तोंडावर दोन्ही संप्रेरके वेगाने खाली येतात. या शेवटच्या उतारातच आपल्या विषयाचे बरेचसे मर्म साठलेले आहे.

आता गोळीचा प्रवास पाहू. गिळलेली गोळी जठरात विरघळते, परंतु रक्तात शिरते ती मुख्यत्वे लहान आतड्यातून. म्हणून जठर ज्या गतीने रिकामे होते त्या गतीवर औषधाचा गुण किती लवकर येणार हे अवलंबून राहते, आणि ही गती पुरुषांपेक्षा स्त्रियांत सर्वसाधारणपणे मंद असते. रक्तात मिसळलेले औषध यकृतात जाते व तेथील विकरे त्याचे रूपांतर करतात. पॅरासिटामॉलसारख्या औषधाचा मोठा भाग ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडला जाऊन मूत्रावाटे बाहेर पडतो. कोडीन व ट्रॅमाडॉल यांचे मात्र यकृतात रूपांतर झाल्याखेरीज त्यांची पुरती वेदनाशामक शक्ती प्रकटच होत नाही, आणि ते रूपांतर करणारे विकर कोणाच्या शरीरात किती कार्यक्षम असावे, हे बव्हंशी आनुवंशिकतेने ठरते. या साखळीतील अनेक दुव्यांवर संप्रेरकांचा परिणाम होतो, हे निर्विवाद आहे; तथापि नैसर्गिक चक्राच्या मर्यादेत तो परिणाम बहुतेक वेदनाशामकांच्या बाबतीत इतका लहान राहतो की, महिन्याच्या दिवसाप्रमाणे मात्रा बदलावी असे सांगण्यास आधार मिळत नाही. ‘पाळीच्या दिवसांत माझे शरीर औषध पचवीत नाही’ असे मानून दोन गोळ्यांच्या जागी तीन घेणे, हे म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

स्त्रियांच्या शरीराविषयीची ही माहिती इतक्या उशिराने जमा होऊ लागली, यामागे एक खेदजनक इतिहास आहे. थॅलिडोमाइड या औषधामुळे सव्यंग बालके जन्मल्याच्या दुर्घटनेनंतर धास्तावलेल्या अमेरिकी औषध प्रशासनाने १९७७ मध्ये, मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याचा दंडक घातला. तो १९९३ मध्ये मागे घेण्यात आला. मधल्या काळात अनेक औषधांच्या मात्रा मुख्यतः पुरुषांवरील अनुभवाने ठरल्या आणि त्याच स्त्रियांना लागू झाल्या. झोल्पिडेम या झोपेच्या औषधाची स्त्रियांसाठीची शिफारस त्याच प्रशासनाने २०१३ मध्ये निम्म्यावर आणली, कारण रात्री घेतलेले औषध सकाळीही त्यांच्या रक्तात अधिक प्रमाणात शिल्लक राहत होते. ज्यांच्यासाठी औषध आहे त्यांनाच चाचणीबाहेर ठेवणे हा संरक्षणाचा मार्ग नव्हे, हे कळण्यास इतकी वर्षे लागावीत याचे दुःख होते.

औषधाची विल्हेवाट नैसर्गिक चक्रात फारशी बदलत नाही, हे वर पाहिले. वेदनेचे मात्र तसे नाही. ती चक्राबरोबर खरोखरच बदलते. प्रोजेस्टेरॉन खाली आले की गर्भाशयाच्या आतील अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकसतात, त्यांचा रक्तपुरवठा क्षणोक्षणी तुटतो आणि कळा येतात. हीच द्रव्ये रक्तावाटे अन्यत्र पोहोचली की मळमळ, जुलाब, डोकेदुखी व अंग मोडून येणे हे सारे सुरू होते. ज्या मुलीला पाळीच्या पहिल्या दिवशी शौचास वारंवार जावे लागते, तिच्या पोटात ‘काहीतरी बाधले’ असे समजण्याचे कारण नाही. मेंदूचाही यात भाग आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, इस्ट्रोजेन कमी असलेल्या दिवसांपेक्षा ते जास्त असताना, त्याच स्त्रीच्या मेंदूतील नैसर्गिक वेदनाशामक यंत्रणा अधिक जोमाने काम करते. म्हणजे पाळीच्या आरंभी एकीकडे वेदना उत्पन्न करणारी द्रव्ये वाढतात आणि दुसरीकडे शरीराचे स्वतःचे संरक्षण ढिले पडते. ‘एवढे काय दुखते’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये काम करणाऱ्या जॉन वेन यांनी १९७१ मध्ये असे दाखवून दिले की, ॲस्पिरिन व त्याच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन या स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत मिळाले. आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक व आपल्याकडे अतिपरिचित असलेले मेफेनॅमिक ॲसिड ही सर्व याच कुळातील. ही औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवितात, परंतु आधीच तयार झालेली द्रव्ये नाहीशी करीत नाहीत. पाटाचे पाणी वाफ्यात भरून पीक बुडू लागल्यावर दार लावले, तर पुढचे पाणी थांबते, पण साचलेले ओसरायला वेळ लागतोच. तसाच प्रकार येथे होतो. दुखणे सोसता सोसता, ‘अगदीच असह्य झाले तर घेऊ’ असे म्हणत दुपारपर्यंत थांबलेल्या स्त्रीची गोळी संध्याकाळपर्यंत निष्प्रभ वाटते, याचे कारण तिची मात्रा अपुरी होती असे नसून ती उशिरा पोटात गेली, हे असते.

म्हणून ज्यांना दर महिन्याला त्रास होतो आणि ज्यांना ही औषधे डॉक्टरांनी निर्धोक ठरविली आहेत, त्यांनी रक्तस्राव किंवा कळा यांपैकी जे प्रथम जाणवेल त्याबरोबरच पहिली गोळी घ्यावी. ज्यांची पाळी नियमित असते आणि त्रास तीव्र असतो, त्यांना डॉक्टर आदल्या दिवसापासूनही सुरुवात करावयास सांगतात. त्यानंतर दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे ठरलेल्या अंतराने, पहिले दोन किंवा तीन दिवसच, काही खाल्ल्यानंतर गोळी घ्यावी. प्रौढ स्त्रीस सामान्यतः आयबुप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम सहा ते आठ तासांनी, अथवा मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून फार तर तीन वेळा, अशी योजना असते. यांपैकी एकच औषध घ्यावयाचे असते, दोन्ही एकत्र कदापि नाही. त्याने समाधानकारक उतार पडला नाही तर डॉक्टरांच्या संमतीने पॅरासिटामॉलची जोड देता येते, कारण त्याचा मार्ग निराळा आहे. मात्र त्याचे प्रमाण सर्व गोळ्या मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि वजन ५० किलोहून कमी असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. सर्दीच्या व अंगदुखीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते, हे वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचल्याखेरीज उमगत नाही. ॲस्पिरिन मात्र पाळीच्या दुखण्यासाठी टाळावे. रक्त गोठण्यास ते अडथळा करते.

ओटीपोटावर शेक घेण्याच्या आजीच्या उपायास कोणी जुनाट म्हणून हिणवू नये. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रीतसर चाचणीत, पोटावर सतत ठेवलेली मंद ऊब आयबुप्रोफेनच्या तोडीची ठरली होती. गरम पाण्याची पिशवी यकृताला किंवा मूत्रपिंडाला कसलाही भार देत नाही.

मेफेनॅमिक ॲसिड औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून सहज मिळते, ही आपल्याकडील वस्तुस्थिती आहे आणि ती समाधानाची नाही. भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी या औषधासंबंधी सावधानतेची सूचना काढली. क्वचित एखाद्या व्यक्तीत ते घेतल्यानंतर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणे व अंतर्गत अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया उद्भवते. अशी लक्षणे दिसताच औषध बंद करून रुग्णालय गाठावे. ज्यांना जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधांनी उठणारा दमा आहे, त्यांनी तर या कुळातील कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

येथवर नैसर्गिक चक्राचा विचार झाला. संप्रेरके बाहेरून घेतली जाऊ लागली की हिशेब पालटतो. माला-डी अथवा तत्सम संयुक्त गर्भनिरोधक गोळी नियमाने घेणाऱ्या स्त्रीच्या यकृतात पॅरासिटामॉलची ग्लुक्युरॉनिक जोडणी वेगाने होते, म्हणजे ते औषध शरीरातून लवकर निघून जाते. उलट कॅफीन मात्र जवळजवळ दुप्पट काळ रेंगाळते. डोकेदुखीच्या कित्येक लोकप्रिय गोळ्यांत कॅफीन मिसळलेले असते, आणि वर दिवसाचे तीन-चार कप चहा-कॉफी असतातच. अशा स्त्रीस रात्री झोप न लागणे व धडधड होणे यांचा उगम पुष्कळदा येथे सापडतो. पीसीओडी या अंडाशयाच्या विकारासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ड्रोस्पिरेनोन असते. ते शरीरातील पोटॅशियम राखून ठेवते, आणि आयबुप्रोफेनच्या कुळातील औषधेही तेच करतात, म्हणून ही जोडी रोज व दीर्घकाळ चालणार असेल तर रक्ताची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. सांधेदुखीसाठी सर्रास लिहून दिले जाणारे एटोरिकॉक्सिब हे गर्भनिरोधक गोळीतील इस्ट्रोजेनचे रक्तातील प्रमाण वाढविते. डेन्मार्कमधील सुमारे २० लक्ष स्त्रियांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संयुक्त गर्भनिरोधक व आयबुप्रोफेनच्या कुळातील वेदनाशामके एकाच वेळी घेणाऱ्यांत शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला दिसला. प्रत्यक्ष संख्या लहान होती, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु एका पायाला अचानक सूज येऊन तो दुखू लागणे अथवा धाप लागणे, या लक्षणांकडे अशा स्त्रीने काणाडोळा करू नये.

याच संदर्भात आपल्या समाजातील एका प्रघाताविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य किंवा तीर्थयात्रा यांच्या तोंडावर पाळी पुढे ढकलण्याकरिता नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रात असंख्य आहेत, आणि त्या गोळ्या बहुधा शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा दुकानदाराकडून थेट येतात. पाळी थोपविण्यासाठी लागणाऱ्या मात्रेत या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्याच एका प्रबळ प्रकारात रूपांतरित होतो. म्हणून गुठळ्यांचा पूर्वेतिहास, अतिस्थूलता, धूम्रपान किंवा विशिष्ट प्रकारची अर्धशिशी असलेल्या स्त्रीस ते निरुपद्रवी नाही. सणाच्या धावपळीत दिवसभर उभे राहून पाय व कंबर दुखू लागली की त्यावर डायक्लोफेनॅकची गोळीही पडते, आणि वर सांगितलेला संयोग नकळत घडून येतो. गोळ्या बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत येणारी पाळी काहींना नेहमीपेक्षा जास्त जाते. घरातील कार्यासाठी स्त्रीने स्वतःचे शरीर वेठीस धरावे, ही अपेक्षाच मुळात अन्याय्य आहे, असे मला वाटते. तरीही कोणाला ते करावयाचेच असेल, तर निदान डॉक्टरांची गाठ घेऊन, आपण कोणकोणती औषधे घेतो ते सांगून करावे.

डोकेदुखीची हकीकत थोडी निराळी आहे. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत हटकून येणारी अर्धशिशी इस्ट्रोजेनच्या उतारामुळे येते, हे सॉमरव्हिल या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखविले. त्यांनी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन देऊन तो उतार लांबविला, तेव्हा पाळी नेहमीच्या वेळी आली, परंतु अर्धशिशी मागाहून आली. अशा झटक्यात जठराचे चलनवलन मंदावते आणि गोळी तशीच पडून राहते, त्यामुळे येथेही आरंभीच औषध घेणे महत्त्वाचे ठरते. मात्र साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र गोळ्या व अर्धशिशीवरील ट्रिप्टान वर्गातील औषधे १० किंवा अधिक दिवस असे काही महिने घेत राहिल्यास, ती औषधेच नवी डोकेदुखी निर्माण करतात. आणि डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणाऱ्या किंवा हातापायांस मुंग्या येणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक घेऊ नये. पक्षाघाताचा धोका वाढतो.

ज्यांना अपत्याची इच्छा आहे, त्यांनी चक्राच्या मध्यावर आयबुप्रोफेनच्या कुळातील औषधे नियमाने घेणे टाळावे, कारण अंडे सुटण्याच्या क्रियेलाही प्रोस्टाग्लँडिन लागतात. औषध थांबविले की हा अडथळा दूर होतो. दिवस राहिल्यावर ही औषधे स्वतःच्या विचाराने घेऊच नयेत, आणि विसाव्या आठवड्यानंतर तर विशेषच, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटू शकते. अंगावर पाजणाऱ्या मातेने कोडीन व ट्रॅमाडॉल वर्ज्य मानावे. ज्या मातांचे यकृत त्यांचे रूपांतर अतिवेगाने करते, त्यांच्या दुधातून बाळाला धोकादायक मात्रा पोहोचू शकते.

उपवासाचाही विचार करावयास हवा. संकष्टी, हरतालिका किंवा नवरात्र यांत पोट रिकामे असताना घेतलेली आयबुप्रोफेनच्या कुळातील गोळी जठराच्या अस्तरास झोंबते, पाणी कमी प्यायले असेल तर मूत्रपिंडावरही ताण देते; आणि अनेक दिवसांच्या उपासमारीत पॅरासिटामॉलचे विषारी अंश निकामी करणारे यकृतातील द्रव्य घटलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. जठरातून नकळत थेंब थेंब रक्त जाणे अशा स्त्रीस परवडणारे नाही.

परिस्थितीने गांजलेल्या स्त्रीला वेळ व मात्रा यांचा उपदेश करणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दुखते म्हणून कामावर न गेल्यास खाडा पडतो, या धाकाखाली गोळ्यांवर दिवस काढणाऱ्या कष्टकरी स्त्रियांची कैफियत तेव्हा सर्वांसमोर आली. त्यांना गोळीबरोबर भाकरी, विसावा आणि सवेतन सुट्टी मिळवून देणे हे मुकादमाचे, कारखान्याचे व शासनाचे काम आहे. ते औषधशास्त्रावर ढकलता येणार नाही.

वेळेवर व पुरेशा मात्रेत घेतलेल्या औषधाने तीन पाळ्यांतही गुण आला नाही, दुखणे वर्षागणिक वाढत चालले, पाळीखेरीज इतर दिवशी किंवा संबंधाच्या वेळी अथवा शौचाच्या वेळी दुखू लागले, तर एंडोमेट्रिओसिससारखा विकार नाही ना हे पाहण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. ‘लग्न झाले की थांबेल’ या भरवशावर मुलीला वर्षानुवर्षे कुढत ठेवू नये. तोवर एक साधी वही करावी. तीत पाळीचा पहिला दिवस, दुखणे सुरू झाल्याची वेळ, गोळीचे नाव, मात्रा, ती घेतल्याची वेळ, सोबत काही खाल्ले होते की नाही, उतार किती वेळाने पडला, आणि गर्भनिरोधक किंवा पाळी लांबविणारी अन्य औषधे चालू आहेत काय, एवढे टिपून ठेवावे. तपासणीस जाताना ही वही बरोबर न्या, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी तिच्यातील शेवटच्या तीन महिन्यांची पाने त्यांच्यापुढे उघडून ठेवा.